दातांचा मासा

अक्का, दवाखान्यात त्यांनी तुझी साडी माझ्या हातात दिली ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून. पदरावर खळ वाळून कडक झाली होती, रक्तही वाळून कडक झालं होतं, आणि बोटांना दोन्ही सारखंच लागत होतं. जिन्यात दिवा नव्हता. तिथल्या काळोखात साडीच्या काठावर हिरवे ठिपके चमकायला लागले. तुझा तो रंग. मी पायरीवरच बसलो. खालून पोलीस आला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, ती पिशवी आमच्याकडे द्या. मुद्देमाल आहे." मी दिली. एरवी त्याला चार प्रश्न विचारले असते.

तू गेल्यापासून लोक मला तुझ्याबद्दल चार ओळी लिही म्हणतायत. जन्म कुठला, शिक्षण कुठलं, चित्रकलेच्या बाई म्हणून नोकरी किती वर्षं, हे सगळं तुझ्या शाळेनं फळ्यावर लिहून टाकलं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण फोनवर अर्धं राहिलं.

निवृत्त झाल्यावर तू हुबळीत, नवनगरच्या घरी रविवारी मुलं गोळा करायला लागलीस. मी धारवाडहून पहिल्यांदा बघायला आलो, तर पुढची खोली भर दुपारी काळीकुट्ट. खिडक्यांवर काळं कापड ठोकलेलं, जमिनीवर घोटीव कागदाचे कपटे, आत गॅसवर मैद्याची खळ रटरटत होती. मुलांनी कागदाचे जेलीफिश केले होते, माकूळ केले होते, खेकडे, समुद्रघोडे. त्यांना अंधारात चमकणारा रंग फासलेला. तू सगळ्यांना आपापला प्राणी ट्यूबलाइटखाली धरायला लावलंस आणि मग बटण बंद केलंस. खोली हिरवी झाली.  मुलांतल्या निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. तू अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात सांगत होतीस, की फार खोल पाण्यात ऊन पोचत नाही, तिथं ज्याला त्याला आपला उजेड आपणच करावा लागतो. कुणी तो शिकार धरायला करतं, कुणी आपली शिकार होऊ नये म्हणून.

मग तू दिवा लावलास आणि म्हणालीस, "आता ज्याला फाडायचंय त्यानं फाडा."

निम्म्या मुलांनी आपले प्राणी जपून पिशवीत घातले. बाकीच्यांनी फाडले. एकानं कंपासच्या टोकानं ऑक्टोपसचे डोळे फोडले. दोघांनी एकमेकांच्या खेकड्यांच्या नांग्या उपटल्या. मला ते बघवेना.

"हे काय शिकवतेस गं?" मी विचारलं.

"शिकवत नाही. ते येतंच त्यांना. घरी फाडलं तर मार बसतो, म्हणून इथं."

"काहीतरी छान शिकव की. फुलं कर, आकाशकंदील कर."

"फुलं तू कर, बाळू," असं म्हणून तू कपटे झाडायला घेतलेस.

तिथून आपलं सुरू झालं.

ते काळं कापड दाजीबानपेठेतल्या विनायकच्या दुकानातलं होतं. पेठेत त्याला सगळे विनायकअण्णा म्हणतात. बारीक चष्मा, कपाळावर उभं गंध, बोलणं मऊ. कुणाच्या घरी लग्न असो की मर्तिक, हा आधी हजर. तू कापड कशाला हवंय ते सांगितलंस तेव्हा तो म्हणाला होता, "मुलांसाठी आहे ना अक्का, मग न्या तसंच. आणि आमच्या समृद्धीला पण घ्या तुमच्यात. घरात फार गप्प असते पोर."

समृद्धी दहा वर्षांची. पहिल्या रविवारी ती भिंतीला पाठ टेकवून बसली आणि भिंत काही सोडेना. तू मागच्या दारानं येऊन तिला कात्री द्यायला हात पुढे केलास, तर तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. संध्याकाळी तू मला फोनवर एवढंच सांगितलंस, "बाळू, ती आपल्यासारखी आहे."

मला त्याहून जास्त सांगायची गरज नव्हती.

आपल्या अप्पांना धारवाडात लोक रस्त्यात थांबून नमस्कार करायचे. अप्पांच्या हाताखाली शिकलेली माणसं कुठं कुठं मोठ्या हुद्द्यांवर बसली. तेच अप्पा घरी आले की छत्री कोपऱ्यात ठेवण्याआधी तिच्या दांडीनं मारायचे. पाठीवर मारायचे, म्हणजे सदऱ्याखाली झाकून जाईल. आई स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त आवाजानं घासायची. तू मला कॉटखाली ढकलायचीस आणि कॉटसमोर उभी राहायचीस. मला तिथून तुझ्या पोटऱ्या दिसायच्या. एकदा त्यांनी मला पायाला धरून बाहेर ओढलं, तेव्हा तू त्यांच्या मनगटाला चावलीस. तोंड रक्तानं भरलं तरी सोडलं नाहीस. त्यानंतर अप्पांनी मला कधी हात लावला नाही. तुला मारायचं मात्र थांबवलं नाही.

अप्पा गेले तेव्हा शेवटचं पाणी पाजताना त्यांच्या मनगटावरचा वण आपण दोघांनी पाहिला.  नंतर इतकी वर्षं आपण हुबळी-धारवाडच्या बसमधून किती वेळा शेजारी बसून गेलो, एकत्र जेवलो, भांडलो, पण ते बोलणं राहूनच गेलं. आज बोलतो. अक्का, तू चावलीस म्हणून मी ताठ मानेनं वाढलो. हे तुला जिवंतपणी सांगायला हवं होतं असं म्हणणार नाही. तू ऐकून घेतलं नसतंस. "पुरे की आता" म्हणून चहा टाकायला उठली असतीस.

समृद्धीनं मासा करायला घेतला. तोंडासमोर दिवा लोंबकळवून फिरतो तो खोल पाण्यातला मासा. अंग पुठ्ठ्याचं, बरगड्या बांबूच्या कामट्यांच्या, आणि दात. दातांना पुठ्ठा चालेना, मऊ पडायचा. पुढच्या रविवारी ती घरून एक्स-रेची जुनी फिल्म घेऊन आली आणि तिच्यातून माशाचे लांब अणकुचीदार दात कापायला बसली.

तू विचारलंस, "कुणाचा गं हा?"

"आईचा. हात मोडलेला तेव्हाचा."

"कसा मोडला?"

ती कापत राहिली. तू पुन्हा विचारलं नाहीस. माशाच्या पोटाला तिनं कागदाची झडप केली आणि ती कुणाला उघडू देईना. तू एकटीनं आत काय आहे ते पाहिलंस.

पालकांना बोलावलंस तो रविवार. मीही आलो होतो. विनायक पुढच्या सतरंजीवर बसला होता, शेजारी त्याची बायको कल्पना, उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालून. मुलांनी एकेक प्राणी दिव्याखाली धरला आणि तू बटण बंद केलंस. जेलीफिश लोंबत होते, माकळांचे पाय हलत होते, आया हळूच टाळ्या वाजवत होत्या. मग समृद्धी मासा घेऊन मधे आली आणि तिनं पोटाची झडप उघडली.

आत माणूस होता. बारीक चष्मा, कपाळावर उभं गंध, हातात वर उचललेला पट्टा. सगळं हिरवं चमकत होतं. माशाचे दात त्याच्या मानेवर होते.

कुणीतरी लहान पोर म्हणालं, "हे समृद्धीचे बाबा."

एक बाई हसली आणि एकदम थांबली. तू दिवा लावलास. विनायक टाळ्या वाजवत होता. "छान केलंय की," तो म्हणाला. "बापाला मासा खातोय. छान." मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मी कल्पनाकडे बघत होतो. तिनं पोरीचा हात धरला होता, आणि तिचं तोंड राखेसारखं झालं होतं.

मी धारवाडला पोचलो आणि जेवायच्या आधी तुला फोन लावला.

"आत काय आहे ते तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी मांडू दिलंस."

"तिला दाखवायचं होतं, बाळू."

"दहा वर्षांच्या पोरीला काय कळतं, घरी गेल्यावर काय होईल ते?"

"तिच्याइतकं कुणालाच कळत नाही. न दाखवता रोज काय होत होतं?"

"त्याला कायद्याचा रस्ता आहे. तक्रार आहे, कोर्ट आहे. तू चार लोकांत त्याचं नाक कापलंस. असल्या माणसाचं नाक कापलं की तो घरच्यांचे गळे कापतो."

"आपल्या वेळी कुठं होता तुझा रस्ता?" तू म्हणालीस. आणि मग, "ऐक, मला एक सांगायचंय."

तेवढ्यात तुझ्या दारावरची बेल वाजली. "थांब, आलेच," म्हणालीस. ते सांगायचं राहिलं ते राहिलंच. थोड्या वेळानं तुझा फोन आला, आवाज अगदी सपाट. "दोघी आल्यात. कल्पनाच्या कानातून रक्त येतंय. पोरीच्या पाठीवर पट्ट्याचे वळ आहेत. ये." मी निघालो. निघता निघता पोलिसांना फोन केला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. शांतम्मांनी पाहिलं. तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी आणि त्यांची खिडकी समोरासमोर, मधे फक्त तुमची कढीपत्त्याची झाडं; तिथून थेट पुढच्या दारापर्यंत दिसतं. विनायक गाडीतून आला तो दुकानाचं शटर ओढायची आकड्याची लोखंडी सळई घेऊन. दाराची कडी त्यानं दोन तडाख्यांत उडवली. पुढच्या खोलीत लोंबणारे सगळे जेलीफिश सळईनं ओढून पाडले आणि बुटांखाली तुडवले. कपाटाची काच फोडली. मासा भिंतीवर आपटून आपटून त्याचा चेंदा केला. तू दोघींना मागच्या न्हाणीघरात घालून बाहेरून कडी लावली होतीस आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस.

"बाहेर काढ तिला," तो म्हणाला.

"काढत नाही," तू म्हणालीस.

त्यानं सळई वर केली. गॅसवर खळीचं पातेलं होतं. उरलेल्या मैद्याची खळ तू सहज करून ठेवत होतीस, की दोघी आल्यावर मुद्दाम पातेलं चढवलंस, ते मला कधीच कळणार नाही. तू ते दोन्ही हातांनी उचललंस आणि त्याच्या तोंडावर ओतलंस. उकळती खळ पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटून बसते. तो गुरासारखा ओरडला. आणि मग त्यानं आंधळेपणानं सळई चालवली. पहिला घाव तुझ्या खांद्यावर बसला, दुसरा डोक्यात. तू खाली पडलीस आणि त्याच्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारलीस. तो न्हाणीघराकडे जायला बघत होता आणि जाऊ शकत नव्हता. म्हणून तो मारत राहिला. शांतम्मा खिडकीतून किंचाळत होत्या. शेजारच्या बांधकामावरचे दोन गवंडी धावत आले, त्यांनी त्याला पाडलं आणि त्याच्या छातीवर बसले. तुझे हात सोडवायला त्यांना जोर करावा लागला.

मी पोचलो तेव्हा शेजारी तुला रिक्षात घालत होते, पोलीस अजून यायचे होते. घरात खळ, रक्त आणि कागद ह्यांचा चिखल झाला होता. न्हाणीघरातून पोरीचा आवाज येत होता, "उघडू नका, उघडू नका." मी कडी काढली. समृद्धी बाहेर आली ती सरळ माझ्या अंगावर. तिच्या हातात तुझी मोठी कात्री होती आणि ती तिनं माझ्या दंडात खुपसली. बाहेर कोण आहे ते तिनं पाहिलंच नव्हतं. मग वर बघितलं, कात्री सोडली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही आहात?" माझ्या बाहीतून रक्त गळत होतं, आणि अक्का, खरं सांगतो, त्या पोरीचा मला अभिमान वाटला. तिनं नेम धरला होता.

दवाखान्यात तू वरच्या मजल्यावर बेशुद्ध, आणि तो खालच्या वॉर्डात, तोंडाला पट्ट्या गुंडाळलेला, दाराशी पोलीस. गावात काय दुसरे दवाखाने नव्हते? दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो. बघून यावं, इतकंच मनात होतं. तो उशीला टेकून फळाचा रस पीत होता. एक डोळा उघडा होता. मला बघून म्हणाला, "वकीलसाहेब, तुमच्या बहिणीनं माझं घर मोडलं."

कॉटशेजारी सलाईनचा रिकामा स्टँड होता. तो माझ्या हातात कधी आला ते मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की तो डोक्याच्या वर होता, माझा खांदा पूर्ण मागे गेला होता, आणि मला फार बरं वाटत होतं. जन्मभर जमिनीचे दावे चालवले, लोकांना सबुरीचे सल्ले दिले. त्या क्षणी मला त्याचा दुसरा डोळाही मिटवायचा होता. पोलिसानं मागून मला कमरेला धरून उचललं आणि भिंतीवर दाबून ठेवलं. माझ्याहून पुष्कळ लहान होता तो. कानाशी म्हणाला, "साहेब, माझी नोकरी जाईल. तुम्ही वर जा." मी वर तुझ्याकडे आलो आणि तुझ्या पायांशी बसलो. तुझ्या नखांत हिरवा रंग होता. तो मी बराच वेळ कोरून काढत बसलो. नर्सनं विचारलं, काय करताय? मी म्हटलं, काही नाही.

तू डोळे उघडले नाहीस. त्याच आठवड्यात गेलीस.

नवनगरात तुझी शोकसभा झाली. तुझ्या फोटोला हार, मुलं पुढे बसलेली. एकामागून एक लोक उठले. कुणी म्हणालं ममतेची मूर्ती. कुणी म्हणालं शांत स्वभाव. तुझ्याबरोबर नोकरी केलेल्या एक बाई रडत म्हणाल्या, "मालतीबाईंनी उभ्या आयुष्यात मुंगीलाही दुखावलं नाही." मी उठून बाहेर ओट्यावर गेलो. मला त्या बाईंचा राग आला नाही. पण तुला त्या सगळ्यांनी मिळून पुन्हा एकदा खाली पाडलंय, आणि आता तू कुणाच्याच पायाला मिठी मारलेली नाहीस, असं वाटत राहिलं.

शांतम्मा मागोमाग बाहेर आल्या. आमचं बोलणं नेहमीसारखं कन्नडात. पोलिसांना त्यांनी आधी सांगितलं होतं, की फक्त आवाज ऐकला, दिसलं काही नाही. आता पोलीस पुन्हा येणार होते. मधल्या काळात विनायकचे भाऊबंद त्यांच्याकडे येऊन गेले होते. ते म्हणाले, जास्त काही नको, अक्कांनी आधी उकळती खळ फेकली एवढं सांगा. तर कॉलनीतली माणसं म्हणत होती, तेवढं सोडून बाकी सगळं सांगा.

"बाळप्पा," त्या म्हणाल्या, "तुम्ही वकील. मी काय सांगू?"

वकील म्हणून मला ठाऊक होतं, की ते एक वाक्य त्याच्या वकिलाच्या हाती लागलं तर तो त्याचं काय करेल. आधी हल्ला बाईंचा, ह्यानं जीव वाचवायला हात उचलला. जामिनाच्या अर्जात पहिलं वाक्य तेच येईल. ते गाळा, असं म्हणायला मला दोन शब्द पुरले असते आणि शांतम्मांनी ते ऐकलं असतं. आतून माइकवर कुणीतरी तुझ्या कोमल हातांबद्दल बोलत होतं.

मी म्हटलं, "पाहिलंत ते सगळं सांगा. त्यानं दार कधी फोडलं, सळई कधी उचलली, तो कुणाला बाहेर मागत होता, कल्पना आली तेव्हा तिच्या कानातून काय वाहत होतं. आणि अक्कानं काय केलं तेही सांगा. झाकू नका."

समृद्धी आणि कल्पना आता अळणावरजवळ कल्पनाच्या भावाकडे आहेत. पोरीनं मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिला, एकदाही न अडखळता. परवा मी भेटून आलो. ती माझ्याशी फारसं बोलली नाही. बाही वर करून दाखवा म्हणाली, टाक्यांवरून बोट फिरवलं, आणि बाही पुन्हा खाली केली. कागदाला ती हात लावत नाही. जबरदस्ती करू नका असं मी तिच्या मामीला सांगितलं.

आणि आपलं भांडण. अक्का, मी अजूनही म्हणतो, की त्या दिवशी तो मासा चारचौघांत मांडायला नको होता. आधी पोरीला आणि आईला त्या घरातून काढायला हवं होतं, मग काय दाखवायचं ते दाखवायचं होतं. तू असतीस तर आज माझा मुद्दा तुला मान्य करावा लागला असता. आणि तू म्हणाली असतीस, की तो मासा मांडला नसता तर त्या दुपारी कुणाचं दार वाजवायचं हे त्या दोघींना कळलंच नसतं. ह्यावरचं उत्तर मी रोज शोधतो. तू मला काय सांगणार होतीस तेही मी रोज जुळवून बघतो आणि मला जमत नाही.

काल पोलीस शांतम्मांकडे जबाब घ्यायला आले. शांतम्मांनी मला बोलावून घेतलं होतं, पण मी खोलीत गेलो नाही, बाहेर कठड्यावर बसून राहिलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. विनायकनं दार फोडलं तिथपासून शांतम्मांनी सांगायला सुरुवात केली. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. हवालदार लिहीत होता, मधेमधे थांबवत होता. पातेल्यापाशी आल्यावर शांतम्मांनी खुर्ची पुढे ओढली. मग स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "अक्कावरे मोदल हाकिद्रु." अक्कांनीच आधी टाकलं. हवालदारानं लिहिलं. आणि त्या त्याच आवाजात पुढे म्हणाल्या, "चलो माडिद्रु."

चांगलं केलं त्यांनी.

पेन थांबलं. हवालदारानं विचारलं, हेही लिहायचं का?

"बरीरी," शांतम्मा म्हणाल्या. लिहा.